निरीक्षकाच्या घरची तपासणी

प्रिय नाना,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहून खाली साष्टांग नमस्कार घालायला हवा. पण साष्टांग नमस्काराला कंबर लागते, आणि माझी कंबर कुठे कामी आली ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय मी चिडलेली आहे, आणि चिडलेल्या माणसाने ‘तीर्थरूप’ लिहिलं की ते टोमण्यासारखं वाचलं जातं. म्हणून ‘प्रिय’. ते मात्र चिडूनही खरं आहे.

तुम्ही पलीकडच्या खोलीत डाव्या कुशीवर झोपला आहात, पाठीशी दोन उशा लावून. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. मधे एक भिंत आणि एक अर्धवट उघडं दार. इतक्या जवळच्या माणसाला कोणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. मग मी तरी काय करू? बोलायला गेले की तुम्ही कानातलं यंत्र काढता आणि शर्टाच्या खिशात टाकता. गेल्या तीन आठवड्यांत मी हा विषय पाचदा काढला आणि पाचही वेळा यंत्र खिशात गेलं. शेवटच्या वेळी मी चिडून वाकले आणि तुमच्या खिशातच बोलायला लागले. तुम्हाला हसू आलं, मग मलाही आलं, आणि विषय तिथेच राहिला. आज तसं व्हायचं नाही. कागद खिशात टाकायचा म्हटला तरी आधी तुम्ही तो वाचणार. औषधाच्या खोक्यातला बारीक छपाईचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यातली चूक काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. चष्मा उशाशी आहे, पुसून ठेवलाय.

तर विषय तोच. भत्त्याचा, आणि त्या मंगळवारचा.

चार वर्षांपूर्वी तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मी दुकानातून एका महिन्याची रजा घेतली होती. महिन्याचे तीन झाले, तिनाचे सहा, आणि मग चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्या मशीनवर दुसरी मुलगी बसवली. त्यांचं काही चुकलं नाही. लोकांना चष्मे वेळेवर लागतात. अठरा वर्षं मी तिथे भिंगं घासली आणि चौकटीत बसवली, आणि मला ते काम आवडायचं हे कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. भिंग चौकटीत नीट बसलं की बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो. गेल्या चार वर्षांत तो मी एकदाच ऐकला, तुमचा नंबर बदलला तेव्हा. मालकीणबाईंनी मला आत जाऊन तुमची भिंगं स्वतः बसवू दिली. दहा मिनिटांचं काम मी अर्धा तास करत बसले होते.

तुमच्या थोरल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, तुम्हाला आवडत नाही. तो दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी म्हणतो, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. हे वाक्य तो इतक्या प्रेमाने म्हणतो की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. औषधांचे पैसे तो पाठवतो, खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी त्याने रक्तदाब मोजायचं यंत्रही पाठवलं. त्याच्या आधीच्या वर्षी पाठवलेलं विसरला असेल. तिसरं वहिनीने परस्पर पाठवलं. आता आपल्या घरात रक्तदाब मोजायची तीन यंत्रं आहेत आणि तुम्हाला उचलायला माणूस एक. घर तुमच्या पेन्शनवर चालतं. मला नव्या चपला घ्यायच्या असल्या की मी तुमच्या उशाशी येऊन उभी राहते, शाळेत असताना यायची तशी, आणि तुम्ही विचारता, जुन्यांना काय झालं? नाना, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. जुन्यांना काय झालं हे सांगायचं माझं वय राहिलेलं नाही.

मागच्या थंडीत मला ताप आला होता, आठवतंय? तीन दिवस एजन्सीची बाई ठेवली होती. चांगली होती बिचारी. आल्या आल्या तिने हातमोजे मागितले. मग जेवायची अर्ध्या तासाची सुट्टी कधी, ते विचारलं. मग तुमच्याकडे बघितलं, वजन विचारलं, आणि म्हणाली, ताई, एवढ्या वजनाचा माणूस एकटीने उचलायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, दोघं लागतात. मग तीन दिवस तुम्हाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर हलवायचं असलं की ती मला हाक मारायची, आणि मी तापाने फणफणलेली उठून तिच्या बरोबरीने तुम्हाला उचलायची. तिला पगार होता, सुट्टी होती, नियम होता. तिचा मला राग आला नाही. तिचं सगळं रास्तच होतं. राग मला याचा आला की तेच काम तिने केलं तर नोकरी आणि मी केलं तर माया. माया आहेच हो. पण मायेला कंबर नसते काय?

तुम्ही म्हणालात, चौऱ्याहत्तर. एजन्सीच्या बाईने वजन विचारल्यावर मी अंदाजे पंचाहत्तर म्हटलं, आणि तुम्ही त्या अर्धवट जिभेने मला दुरुस्त केलंत. एक किलोचा फरक तुम्हाला अजून सहन होत नाही. आणि हाच माणूस मी उचलायला लागले की श्वास रोखून धरतो. मला काय कळत नाही का? माझ्या गळ्यात डावा हात टाकता, गाल फुगवता आणि श्वास कोंडून बसता, जसं काही त्याने वजन कमी होतं. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतात, आणि तुम्हाला वाटतं श्वास रोखला की माणूस हलका होतो! त्याने तुम्ही आखडता आणि आणखी जड होता. हजारदा सांगितलं.

भत्त्याचं मला वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांनी सांगितलं. घरच्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांना दरमहा काही मिळतं, अर्ज कर म्हणाल्या. त्या स्वतः इस्पितळातून निवृत्त झालेल्या, त्यांना असल्या गोष्टी कळतात. रक्कम अशी फार नाही. पण तेवढ्यात सकाळी चार तास कोणी बाई ठेवता येईल, आणि मालकीणबाई मला नऊ ते एक घ्यायला तयार आहेत. मी विचारून आले. त्या म्हणाल्या, या महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, पुढचं सांगता येत नाही. एवढंच मला हवं आहे. मला तुमच्यापासून सुटका नको आहे, हे आधी डोक्यातून काढा. मला नऊ ते एक हवंय.

समाजकल्याण कार्यालयात मी चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला चुकीची रांग, दुसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी, तिसऱ्या खेपेला अर्ज, चौथीचं पुढे येईल. त्या अर्जात ‘व्यवसाय’ असा रकाना होता. मी लिहिलं, चष्म्याची भिंगं बसवणे, सध्या वडिलांची देखभाल. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, आणि वर लिहिलं, निरंक. मी म्हटलं, अहो, मी पहाटे पाचपासून पायांवर असते. तो म्हणाला, पगार नाही ना, मग निरंक. तुमच्या अहवालांत हा शब्द किती वेळा असायचा, नाना. दोष निरंक, तक्रारी निरंक. मला लहानपणी तो शब्द फार भारदस्त वाटायचा. त्या दिवशी तो माझ्या नावासमोर बघून अंगाचा तिळपापड झाला. वर तो माणूस मला समजावू लागला, की बाई, स्वतःच्या वडिलांचं करायला पैसे कसले मागता, मीही माझ्या आईचं करतोच की. मी विचारलं, आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे? म्हणाला, बायको. मी म्हटलं, मग त्यांना खिडकीत बसवा, आईचं त्या करतात, अर्जाचं मी त्यांच्याशीच बोलेन. मागे रांगेतल्या दोन बायका हसल्या. त्याने शिक्का इतक्या जोरात मारला की दौत हलली.

आणि एवढं सगळं करून अखेर तपासणीची तारीख मिळाली. तो मंगळवार.

आदल्या दिवशी तुम्ही कोट मागितलात. निवृत्तीच्या समारंभातला, राखाडी. मला वाटलं, बरं आहे, एवढ्या दिवसांनी माणसाला काही घालावंसं वाटतंय. मूर्ख मी. मी कोट झटकला, इस्त्री केला. सकाळी तुमची दाढी दोनदा केली, कारण पहिली तुम्हाला पसंत पडली नाही. मग तुम्ही म्हणालात, उजवा हात खिशात घाल. तोही मी घातला, नीट, अंगठा बाहेर ठेवून, ऐटीत. आणि तुम्हाला पुढच्या खोलीतल्या खुर्चीत टेबलाशेजारी बसवलं.

कार्यालयातली तपासणीची बाई अकराला आली. माझ्याहून लहान, हातात फाइल, पायात साधे बूट. आणि तुम्ही उभे राहिलात! नाना, डॉक्टरांनी, व्यायामाच्या बाईंनी, मी, सगळ्यांनी मिळून वर्षभर हातापाया पडून तुम्ही जेवढे उभे राहिला नव्हतात तेवढे त्या दिवशी राहिलात. डाव्या हाताने टेबल धरून, ताठ. मग बसलात आणि तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागलात. आंघोळ? रोज, स्वतः. संडास? अर्थात स्वतः. कपडे? हे काय, घातलेत. जेवण? मुलगी करते, पण मला येतं. तुम्हाला काय येतं, नाना? आई असताना तुम्हाला मिठाचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. वर तुम्ही तिच्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला उचललात आणि तिच्यादेखत अर्धा पिऊन टाकलात. साधं पाणी. जे तुम्हाला चार वर्षांत पावडर घालून घट्ट केल्याशिवाय एक घोट दिलेलं नाही, कारण ते श्वासनळीत जातं. मी दारात उभी होते आणि तुमचा गळा बघत होते. तुम्ही ठसका धरून ठेवलात. डोळ्यांत पाणी आलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण खोकला नाहीत. ती बाई लिहीत होती, तिला दिसलं नाही. मी तिला चहा विचारला, ती नको म्हणाली, आणि तुम्ही मान डोलावलीत, कारण तुम्हीही कधी दुकानदाराचा चहा घेतला नाहीत.

ती गेली आणि दार लागल्या लागल्या तुम्ही खोकायला लागलात. किती वेळ ते मला माहीत नाही. मग खुर्चीवरून घसरलात. मी सिस्टरांना हाका मारल्या, त्या जिन्यावरून धावत आल्या, आणि आम्ही दोघींनी तुम्हाला त्या राखाडी कोटासकट जमिनीवरून उचललं. कोट मी दोनदा धुतला तरी त्याचा वास गेला नाही, बाहेर द्यावा लागला. तुम्ही तीन दिवस डोळे उघडले नव्हते धड. त्या तीन रात्री मी कशा काढल्या ते मी इथे लिहीत नाही, कारण मला चिडून राहायचं आहे.

मग तीन आठवड्यांपूर्वी कार्यालयाचं पत्र आलं. तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा यंत्र खिशात होतं, म्हणून परत लिहिते. सदर व्यक्ती दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबी असल्याचे आढळून आल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. आणि खाली, घर अत्यंत स्वच्छ व नीटनेटके आहे. नाना, मी ते पत्र घेऊन तुमच्या खोलीत आले तेव्हा तुमची चादर बदलायची होती. त्या दिवसातली तिसरी. ‘स्वावलंबी’ हा शब्द एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने ती काढली.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल? त्या बाईचा नाही. तिला जे दिसलं ते तिने लिहिलं. मला राग आला तो तुमच्या एकतीस वर्षांचा. तुम्ही शनिवारी मला बरोबर न्यायचात. मी सात-आठ वर्षांची, हातात तुमच्या छोट्या पितळी वजनांची लाकडी पेटी, आणि तुम्ही मला गल्लीभर ‘छटाक’ म्हणून हाक मारायचात. दुकानदारांना तुमची चाहूल लागली की धावपळ व्हायची. काटे पुसले जायचे, खालची वजनं वर आणि वरची खाली जायची. म्हणून तुम्ही कधीच कळवून गेला नाहीत. एकदा मी विचारलं होतं, आधी सांगितलं तर ते सगळं नीट करून ठेवतील ना, मग चांगलंच की. तुम्ही म्हणालात, छटाक, काटा सजवून ठेवलेला असताना बघायचाच नसतो, गिऱ्हाईक समोर उभं असताना बघायचा. आणि तो रद्दीवाला आठवतो? एक म्हातारी बाई वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली होती, आणि तो गठ्ठ्याच्या पारड्याखाली गुडघा धरून वजन करत होता. ओझं एवढं आणि काट्यावर त्याच्या निम्मं. तुम्ही फक्त वाकलात, त्याचा गुडघा हाताने बाजूला केलात आणि पारडं खाली गेलं. ती बाई तुमच्याकडे बघतच राहिली. मला त्या दिवशी वाटलं होतं, माझ्या बापासारखा माणूस नाही. आणि त्याच माणसाने कोट घालून, हात खिशात घालून, स्वतःच्या घरात खोटं माप दाखवावं? मी तीन आठवडे भांडी आपटते आहे ती उगाच नाही.

पण मी एकट्या तुमच्यावर चिडून कसं चालेल? मीही त्यात होतेच. सोमवारी दुपारी मी कमोडची खुर्ची दाराआड ढकलली आणि वर चादर टाकली. मेणकापड गुंडाळून कपाटात घातलं. औषधांचा ट्रे फ्रीजवर, मागे. घट्ट करायच्या पावडरीचा डबा पिठाच्या डब्यामागे. का? कोणी येणार म्हटलं की घर आवरायचं, हे आईने हाडात भिनवलंय म्हणून. मी घर झाडलं, पुसलं, पडदे बदलले, आणि देखभालीची एकूण एक खूण स्वतःच्या हाताने लपवली. आणि शेवटी त्या बाईने मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्यासमोर, एका परक्या बाईला, माझे वडील रोज अंथरूण ओलं करतात हे मी कसं सांगू? मी म्हटलं, नाही, ते म्हणतात तसंच आहे. हे मी म्हटलं, नाना. माझ्या जिभेला तर काही झालेलं नव्हतं.

सिस्टरांनी मागे लागून मला फेरतपासणीचा अर्ज करायला लावला. ती कार्यालयाची चौथी खेप. त्या सकाळी त्या तुमच्यापाशी बसल्या होत्या. तेव्हा त्यांचं आणि तुमचं काय बोलणं झालं ते त्यांनी मला आज सकाळी जिन्यात सांगितलं. तुम्ही त्यांना शपथ घातली होती म्हणे, पण त्या म्हणाल्या, इतकी वर्षं रुग्णांनी घातलेल्या शपथा पाळल्या असत्या तर निम्मे दगावले असते. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, नाना, एवढं सोंग कशाला केलंत? मला वाटत होतं, अभिमान. थोरल्याला वाटत होतं, तुम्हाला भीती वाटली असेल की उचलून कुठल्या तरी संस्थेत नेतील. आणि तुम्ही म्हणालात, पोरीची तपासणी होती. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी तिचं काम बघायला आलं होतं. मी अंथरुणात मळक्या बनियनवर दिसलो असतो, तर शेरा तिच्या नावावर पडला असता.

मी पायरीवर बसले, नाना. हातात दुधाची पिशवी होती, ती तशीच मांडीवर घेऊन बसले आणि रडले. आणि रडतानाही तुमच्यावर चिडलेलीच होते. असा कसा माणूस तुम्ही? एकतीस वर्षं तुमच्या लेखी तपासणी म्हणजे समोरच्याचा दोष काढणं. आणि तपासणारा घरात आला म्हटल्यावर तुम्हाला दुसरं काही सुचलंच नाही, लेकीच्या कामात खोट निघू नये एवढंच सुचलं. तेवढ्यासाठी तुम्ही उभे राहिलात. तेवढ्यासाठी ठसका गिळलात, जीव जायची पाळी आली तरी. आणि तुम्ही मला पास केलंत, नाना. इतक्या चांगल्या गुणांनी पास केलंत की त्यांना वाटलं, या घरात करण्यासारखं काही कामच नाही.

ती माझे दोष शोधायला आली नव्हती. या घरात ओझं किती आहे ते जोखायला आली होती. आणि आपण दोघांनी, तुम्ही कोट घालून आणि मी पडदे बदलून, पारड्याखाली गुडघा धरला. त्या रद्दीवाल्याला निदान त्यातून काही सुटत तरी होतं. आपल्याला काय मिळालं? सिस्टरांना कंबरेचा पट्टा लागला.

नाना, ती बाई उद्या पुन्हा येते आहे, अकरा वाजता. फेरतपासणी एकदाच मिळते, पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. उद्या कोट मिळणार नाही, तो मी सिस्टरांकडे वर ठेवून आले आहे, शोधायला सांगू नका. दाढी परवा करू. खुर्ची दाराआड जाणार नाही, मेणकापड असेल तिथेच असेल, पडदेही मी बदलणार नाही, हात कितीही शिवशिवले तरी. तुम्हाला काही बोलायचं नसलं तर यंत्र खुशाल खिशात टाका. तिने मला विचारलं तर या वेळी मी सगळं सांगणार आहे, तुमच्यासमोर, चादरींसकट, आणि तेव्हा माझ्याकडे तसं बघू नका, कारण मग मला जमणार नाही. अकराला आपण रोज काय करत असतो? मी तुम्हाला खुर्चीतून उचलून पलंगावर घेत असते. उद्याही तेच करत असू. तिला दार सिस्टर उघडतील आणि त्या बाजूला उभ्या राहतील, मदत करणार नाहीत, त्यांना मी बजावलं आहे. तुमची लेक काम कसं करते हे कोणी बघावं असं तुम्हाला वाटतं ना? मग बघू दे तिला. तुम्ही फक्त रोजच्यासारखा माझ्या गळ्यात डावा हात टाका आणि सगळं वजन माझ्यावर सोडा. चौऱ्याहत्तर म्हणजे चौऱ्याहत्तर. आणि नाना, उद्या एक दिवस तरी श्वास रोखू नका.

तुमचीच,
छटाक